हिरव्या डब्यातल्या चिठ्ठ्या

लान दीदीचं नाव आधी लिहिते. काय झालं, कसं झालं, ते मागाहून. मावशी म्हणते, माणूस गोष्ट सांगताना आपल्यापासून सुरुवात करतो, आणि ज्यानं हात दिला त्याच्यापर्यंत येईस्तोवर ऐकणाऱ्याला जांभया यायला लागतात. म्हणून आधीच सांगून टाकते. लान दीदी: वय पंचेचाळीसच्या आसपास, राहणार व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या भातपट्ट्यात, काम बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत, आणि माझ्याशी नातं काहीच नाही. दोन वेळा ज्या फाटकावरून मी परत फिरले होते, त्या फाटकातून तिनं मला आत नेलं.

आज हे सगळं वर आलं ते वासामुळे. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेस्ट हाउसच्या चादरींचा गठ्ठा अडकला होता, तो सोडवायला रायपूरच्या भनपुरीला गेले होते. नवं धान यायला लागलं आहे. ट्रकांच्या रांगा, ताडपत्रीखालून गळणारे दाणे, ते टिपणारी कबुतरं, आणि उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या गिरण्यांमधून येणारी वाफ. धान उकडल्याचा तो वास ओल्या सुतळीसारखा असतो, थोडा आंबूस, थोडा गोड. साकोलीकडे आमच्या अंगणात आई मोठ्या गंजात धान उकडायची तेव्हा हाच वास माझ्या केसांत बसायचा. शाळेत शेजारची मुलगी नाक मुरडायची. आता तोच वास आला की माझ्या डोळ्यांसमोर ना अंगण येतं ना शाळा. येते ती गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत तीन डबे, आणि डब्यांशेजारी चष्मा कपाळावर चढवून बसलेली एक परकी बाई.

राजधानी तेव्हा नवी नवी होती. म्हणजे राज्याची राजधानी रायपूर आधीपासून होतं, पण नवा रायपूर म्हणून जे शहर आखलं होतं ते अजून अंगात न आलेल्या शर्टासारखं होतं. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी तर तो कानावर हात ठेवून उभा राहायचा. दिवे होते, झाडांना नंबर होते, माणसं नव्हती. मी जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात मावशीकडे राहायची. काकाजी, म्हणजे मावशीचे यजमान, रेल्वेत. पहाटे उठून दोघांचा डबा करायचा, सहाच्या बसला उभं राहायचं. ती चुकली तर पुढची कधी येईल हे कंडक्टरलाही ठाऊक नसायचं. बसमध्ये आम्ही सात-आठ बाया, सगळ्या कुठे ना कुठे झाडू-पोछा नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या. मी नव्या रायपुरातल्या गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात. पोळ्या, भाजी चिरणं, आणि मुख्य म्हणजे तांदूळ निवडणं. तांदूळ निवडण्यात माझा हात कोणी धरायचा नाही. मी भाताच्या गावची आहे, खडा मला दिसत नाही, बोटांना कळतो.

त्या वर्षी धानाच्या हंगामात व्हिएतनामहून बारा जण प्रशिक्षणाला आले. बियाणं कसं साठवायचं, कसं तपासायचं, असं काही तरी चार महिन्यांचं. दिवसा त्यांचे वर्ग, शेतावर जाणं, आणि सकाळी एक तास इंग्रजी, कारण शेवटी प्रत्येकानं इंग्रजीतून उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. आमचे मुख्य आचारी साहूजी. त्यांना पहिल्या दिवशीच धक्का बसला. पाहुण्यांनी मोकळा, दाणा न् दाणा सुटा असा भात अर्धा ठेवला. साहूजींनी वीस वर्षं ज्या भाताची तारीफ ऐकली तो भात. दुसऱ्या दिवशी लान दीदी स्वतः स्वयंपाकघरात आली, हाताची बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली आणि हसली. साहूजींनी त्या बोटांकडे बघितलं. मग "हव", म्हणजे हो, म्हणाले आणि पाणी वाढवलं.

त्या चिकट भाताच्या बदल्यात तिनं एक डबा पाठवला. हिरव्या रंगाचा, पत्र्याचा, वर कमळाचं चित्र. तिच्या देशातल्या चहाचा डबा असावा, पण आत साखरेत घोळवलेल्या कमळाच्या बिया होत्या. साहूजींनी एक खाल्ली आणि उरलेल्या नातवासाठी रुमालात बांधल्या. डबा घासून मी परत करायला गेले. पण जाताना हात अडला. दुसऱ्याचा डबा रिकामा कसा देणार? आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. मी त्यात मुरमुऱ्यांचा चिवडा भरला. दोन दिवसांनी डबा परत आला, त्यात सुकं केळं. मग मी शेव. मग ती आणखी काही तरी. डिसेंबर उजाडला तोवर तो डबा आमच्या जिन्यावरून इतका खालीवर झाला होता की चौकीदारानं त्याला गमतीनं सलाम ठोकला.

एक दिवस तिनं मला थांबवून विचारलं, डबा कधीच रिकामा का येत नाही? मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे नववीपर्यंतचं जे काही होतं ते भीतीखाली दबून गेलं होतं. मी हिंदीत म्हटलं, खाली नहीं देते. तिला हिंदी येत नव्हती. शेवटी दोन शब्द जुळवले: "एम्प्टी बॉक्स, शेम." ती इतकी हसली की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. मग म्हणाली, माझी आईसुद्धा असंच म्हणते. खरंच म्हणत होती की माझं मन राखायला, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती मला 'एम' म्हणायला लागली. त्यांच्याकडे धाकटीला असं म्हणतात. माझं नाव ज्योत्स्ना. ते तिच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. तसं ते मावशीलाही जमत नाही, ती 'जोसना' म्हणते.

मग तो डबा वेगळ्याच कामाला लागला.

लान दीदीच्या इंग्रजीत एक गाठ होती. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की त्या दुसऱ्याला कधी पुढे 'टू' लावायचं, कधी मागे 'इंग' जोडायचं. वॉन्ट टू ईट, पण एन्जॉय ईटिंग. का, ते इंग्रजांना विचारा. तिच्या भाषेत असं काही नाही. दोन क्रियापदं शेजारी शेजारी बसतात, बाकावर दोन बाया बसाव्यात तशी. कोणी कोणाला सरकून बस म्हणत नाही, पदर सावर म्हणत नाही. म्हणून ती बोलायची, आय वॉन्ट ईट, आय एन्जॉय ईट. तिच्या सगळ्या तुकडीचं हेच होतं. शिकवणाऱ्या सरांनी यादी दिली होती, पण यादी पाठ होत नाही म्हणून तिनं आपला मार्ग काढला. प्रयोगशाळेत ती बियाणं वर्गवार लावायची ना, तसंच. बियाण्याच्या पाकिटांवरची लेबलं कापून तिनं चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला भाताच्या वाणाचं नाव, दुसऱ्या बाजूला इंग्रजी क्रियापद. 'टू' मागणारी हिरव्या डब्यात. 'इंग' मागणारी आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात. आणि दोन्ही चालतात अशी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. धुतलेली होती, पण कैरीचा वास गेला नव्हता.

रोज सकाळी सातला, वर्गाच्या आधी, ती आमच्या खिडकीत येऊन बसायची. कारण तिथे ऊन यायचं आणि साहूजी तिला काळा चहा द्यायचे. ती चिठ्ठी काढायची, वाक्य म्हणायची. मी शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडायची. ती एक शब्द उचलायची, मी एक खडा. तिकडे वाफाळणारा चहा, इकडे फुगायला लागलेली पोळी, मध्ये ते वाक्य. माझ्या आयुष्यात इंग्रजी इतक्या शांतपणे कधी आलं नव्हतं. शाळेत ते यायचं तेव्हा हातात छडी असायची.

एका सकाळी ती म्हणाली, आय एन्जॉय टू वॉक. आणि मी, मान वर न करता, सुपातच बघत म्हणून गेले, "वॉकिंग."

म्हटल्यावर मी जीभ चावली. चोरी पकडल्यासारखं झालं. ती वळून बघत होती. तुला कसं कळलं, तिनं विचारलं. मला काय माहीत कसं कळलं. रोज ऐकत होते, कानात बसलं. तिनं तिन्ही डबे खिडकीत थोडे माझ्या बाजूला सरकवले.

मला शाळेतून कोणी काढलं नव्हतं. हे मी त्या आधी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला तुटक्या इंग्रजीत सांगितलं. परक्या भाषेत सांगायला सोपं गेलं असावं. नववीत सरांनी धडा वाचायला उभं केलं. मी पहिल्या ओळीवर अडकले. वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आई धानाच्या बांधीत रोवणं करायला निघाली होती, मी तिच्याबरोबर गेले. आईला वाटलं एक दिवसाचं असेल. तिसऱ्या दिवशीही गेले. चिखलात पाय, हातात रोपं, वाकलेली पाठ. तिथे कोणी वाचायला सांगत नव्हतं. आईनं मला परत पाठवलं नाही. घरात हात वाढला की कोण काय म्हणणार. असं करत करत एक आख्खं शिक्षण मागे राहिलं. कोणी दार लावलं नाही, मीच बाहेरून कडी घातली.

रायपूरला आल्यावर मावशीनं ओपन स्कूलचा दहावीचा फॉर्म भरायला लावला. बाकीचे विषय निघाले. इंग्रजी राहिलं. पहिल्यांदा मी परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्यांदाही फाटकापर्यंत. दोन्ही वेळा मावशीला सांगितलं, पेपर कठीण होता. ती बिचारी निकालाची वाट बघायची.

आणि त्या वर्षी टांगती तलवार होती. काकाजी एप्रिलमध्ये रिटायर होणार होते, घर सोडून दोघं गोंदियाला जाणार होते. मला रायपुरात छप्पर राहणार नव्हतं. गेस्ट हाउसमध्ये खोली मिळायची, पण ती कायम झालेल्यांना. मॅनेजर साहेबांनी सरळ सांगितलं होतं: दहावीचा कागद आण, रिसेप्शनवर घेतो, खोली देतो, नाही तर जूननंतर तुझं बघ. वाईट माणूस नव्हता, नियम तसा होता. म्हणजे एक पेपर, तीन तासांचा. तो झाला तर इथे, नाही तर साकोलीला परत, आणि परत म्हणजे मग परतच.

हे लान दीदीला कळलं. त्या संध्याकाळी जाताना फक्त तिन्ही डबे माझ्या ओट्याखाली ठेवून गेली. तू ठेव, म्हणाली. सकाळी दोघी बसू.

संक्रांत आली. तुकडी चार दिवस धमतरीकडे शेतांवर गेली होती, लान दीदीची वही आणि सरांची यादी तिच्याबरोबर. डबे माझ्याकडे. ती परत येणार सोमवारी आणि मंगळवारी तिचं ते उभं राहून बोलणं. इथे मी जी चूक केली ती आमच्यासारख्याच घरातली बाई करू शकते. माझ्या मनात आलं, सणाला तिचे डबे तिला परत द्यायचे आणि रिकामे द्यायचे? चिठ्ठ्या होत्या आत, हो, पण चिठ्ठ्या काय खायच्या असतात? माझ्या हिशेबी डबे रिकामेच. तेव्हा तिळाचे लाडू करून तिन्ही भरायचे ठरवलं. चिठ्ठ्या तीन वाट्यांत काढल्या, वाट्या ओळीनं खिडकीत ठेवल्या, अगदी जपून. डबे घासायला बसले. तेवढ्यात साहूजींनी फोडणी टाकली आणि धूर नको म्हणून मोठा पंखा लावला.

क्रियापदं उडाली. दुसरा शब्द नाही. ओट्यावर, फरशीवर, पोळपाटाखाली, एक तर वरणात. साहूजींनी पळीनं ती बाहेर काढली, लांब धरली आणि विचारलं, इसमें क्या लिखा है? त्यावर 'डिसाइड' लिहिलं होतं. मी रडायला लागले.

साहूजी घाबरले. त्यांना वाटलं कोणाचं तरी प्रमाणपत्रच वरणात गेलं. त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून पिंपाखालून चिठ्ठ्या काढून दिल्या, एकेक फुंकर मारून. सापडल्या तेवढ्या एका पिशवीत जमल्या. सगळ्या, एकत्र. दीड महिना तिनं लावलेलं बियाणं मी एका फोडणीत मिसळून टाकलं होतं. आणि उत्तरं कुठेच नव्हती, यादी धमतरीला.

बसमध्ये परतताना माझं मन नेहमीच्या वाटेला लागलं. सोमवारी यायचंच नाही. ताप आला म्हणून सांगायचं. साहूजी सांगतील पंख्याचं. ती चार दिवसांत विसरेल, फेब्रुवारीत जाईल, संपलं. ही वाट मला तोंडपाठ होती. शाळेपासून, दोन्ही फाटकांपासून. रुंद रस्त्यावर बस एकटीच पळत होती आणि मांडीवर ती पिशवी होती, छटाकभरही वजन नसेल, पण मला ती खाली ठेवता येईना.

रविवारी तात्यापाऱ्यातल्या गच्चीवर ऊन पसरलं. मावशी पापड वाळत घालत होती. मी खालून सूप घेऊन आले, पिशवी त्यात उपडी केली आणि बसले निवडायला.

"काय निवडून राहिली वं? कागद?" मावशीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पंखा, वरण, सोमवार. मावशी पापडाची बोटं पदराला पुसत शेजारी येऊन बसली. "मले मराठीत सांग एकेक," ती म्हणाली. "इंग्रजी तुयं तू पाय."

मग आमचा तो दुपारचा कारभार सुरू झाला. चिठ्ठीवर लिहिलेलं मी तिला आपल्या बोलीत सांगायची, ती वाक्य जुळवायची. टाळणं? मावशी म्हणाली, जाणं टाळलं. सोडून देणं? "तुया काकाजीनं पान खाणं सोडलं काय? नाही सोडलं." खालून काकाजी खाकरले. शिकणं? पोवाले शिकली, म्हणजे पोहायला. नकार? जाले नाही म्हणे. माझ्या लक्षात यायला लागलं की आपल्याकडेही दुसरं क्रियापद गप्प बसत नाही. कुठे 'णं' येतं, कुठे 'ले', म्हणजे पुस्तकातलं 'ला', येतं. 'णं' आलं की बहुतेक वेळा स्टीलचा डबा, 'ले' आलं की हिरवा. नेहमी नाही. पण बोटांना खडा कळतो तसं काही तरी कळत होतं. जिथे मावशीचा कान आणि लान दीदीची सकाळची वाक्यं जुळायची तिथे मी डोळे मिटून टाकायची. जिथे भांडायची तिथे थांबायची, चिठ्ठी उन्हात धरायची, तिच्या मागचं भाताच्या वाणाचं नाव वाचायची, जणू तेच सांगणार होतं.

ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं तोवर सुपात एकही चिठ्ठी उरली नव्हती. पापडांना मुंग्या लागल्या होत्या. मावशीला ते तेव्हा दिसलं आणि मुंग्यांचा राग तिनं काकाजींच्या पानावर काढला.

सोमवारी मी सहाच्या बसला गेले. लाडू भरलेले तीन डबे आणि चिठ्ठ्यांच्या तीन पुड्या. लान दीदी खिडकीत आली तेव्हा डबे हातात देण्याआधी मी सांगून टाकलं, सॉरी, आय मिक्स ऑल. पुढचं इंग्रजी सापडेना, तेव्हा हातांनी पंखा फिरवून दाखवला. साहूजी मागून जबाबदारी घ्यायला आले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून उभे राहिले.

तिनं यादी काढली. पुड्या सोडल्या. एकेक चिठ्ठी ताडून बघायला लागली. मी ओट्याला धरून उभी. चहा निवला, तिनं घेतला नाही. ज्या चुकल्या होत्या त्या ती बाजूला ठेवत होती, 'माइंड', 'सजेस्ट', अशा. मावशीच्या कानानं जिथे दगा दिला होता त्याच बहुतेक. शेवटची चिठ्ठी झाली. बाजूच्या अकरा होत्या. तीन हरवल्या होत्या. बाकी शंभरावर चिठ्ठ्या आपापल्या घरी होत्या.

तिनं त्या अकरा माझ्या तळहातावर ठेवल्या. "इलेव्हन स्टोन," ती म्हणाली. "राइस गुड." मग चष्मा कपाळावर ढकलून, हळू: "एम, नो बुक, नो टीचर. यू ऑलरेडी सिट एक्झाम."

मी त्या अकरांवर मूठ मिटली. साहूजींनी चहा पुन्हा गरम केला.

मंगळवारचं तिचं बोलणं छान झालं. म्हणजे मला आत जाता आलं नाही, पण ती बाहेर आली तेव्हा एक बोट वर करून आली, एकच चूक. जेवणात तिनं त्या दिवशी आमचा मोकळा भात घेतला, साहूजींसाठी. त्यांनी तो प्रसंग महिनाभर सांगितला.

तरी माझं फाटक उरलंच होतं. शब्द ओळखीचे झाले म्हणून फाटकाची धास्ती जात नाही. हे तिला मी न सांगता कळलं. तिची कामाची एक रीत होती. प्रयोगशाळेत नवा प्रयोग असला की आदल्या दिवशी ती रिकाम्या भांड्यांनी सगळा करून बघायची. या टेबलावरून त्या टेबलावर, बियाणं नसताना. जायच्या आधीच्या रविवारी तिनं मला म्हटलं, चल, तुझी शाळा दाखव.

आम्ही बसनं रायपूरला आलो, तात्यापाऱ्यात मावशीकडे पोहे खाल्ले, मावशीनं तिला हळदीकुंकू लावलं, आणि मग दोघी चालत केंद्राच्या शाळेत गेलो. सुट्टी होती, फाटक अर्धं उघडं. ती बाहेर थांबली आणि मला आत पाठवलं. आत जा, वर्गाच्या दारापर्यंत, परत ये. मी गेले, आले. पुन्हा जा, म्हणाली. पुन्हा गेले. पटांगणात एक कडुलिंब होता, पाण्याची टाकी होती, टाकीचा नळ गळत होता. पहिल्या खेपेला मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तिसऱ्या वेळी शाळेच्या चौकीदारानं विचारलं, दीदी, कुछ छूट गया क्या? मी म्हटलं, हो, छूट गया था. आणि मला हसू आलं. त्या फाटकात मी पहिल्यांदा हसले.

फेब्रुवारीत ती गेली. पहाटे गाडी आली होती, बारा जणांच्या पेट्या. लोणच्याची बरणी आणि स्टीलचा डबा आमचेच होते, ते राहिले. हिरवा डबा मी घासून, त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिला. तिनं लाडू पिशवीत काढून घेतले, चिठ्ठ्या परत डब्यात भरल्या, आणि डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हा तुमचा. तिनं मान हलवली. गाडीत बसली. एवढंच.

एप्रिलच्या उन्हात मी फाटकाशी उभी राहिले तेव्हा परत फिरावंसं वाटलंच. खोटं कशाला सांगू. पण पायांना आतली वाट ठाऊक होती. कडुलिंब, टाकी, गळका नळ. नळ अजून गळतच होता, आणि मला त्याचा एवढा आधार वाटला की मी चूळ भरली आणि वर्गात जाऊन बसले. इंग्रजीत मी काठावर पास झाले. पण काठाच्या या बाजूला.

त्याला आता काही हंगाम झाले. मावशी-काकाजी गोंदियाला असतात, काकाजींचं पान अजून सुटलेलं नाही. मला खोली मिळाली, खिडकीतून तो रुंद रस्ता दिसतो. आता त्यावर माणसंही दिसतात. रिसेप्शनच्या खणात तो हिरवा डबा आहे. हरवलेल्या तीनपैकी एक चिठ्ठी पुढे पिठाच्या पिंपामागे सापडली, 'मॅनेज', तीही आत टाकली. कधी दुपारी पाहुणे नसले की मी एखादी चिठ्ठी काढते. बरणीतल्या चिठ्ठ्याही मी आता यातच ठेवते, त्यात एक 'रिमेंबर' आहे. सर म्हणाले होते म्हणे, मागचं आठवायचं तर त्याला 'इंग', पुढचं विसरायचं नसेल तर 'टू'. मला दोन्ही लागतात. फाटकावरून परत फिरणं मला अजून आठवतं. ते आठवतं म्हणूनच बहुधा आत जायचं लक्षात राहतं. अजूनही नवा पाहुणा समोर येऊन इंग्रजीत बोलायला लागला की पहिली दोन वाक्यं माझे तळहात ओले होतात. तिसऱ्याला होत नाहीत.

लान दीदीचे निरोप येतात, वर्षातून दोन-तीन. मागच्या संक्रांतीला तिनं लिहिलं होतं, आय मिस ईटिंग युअर लाडू. एकही चूक नाही. मी तो निरोप साहूजींना वाचून दाखवला, ते म्हणाले, उसको लिखो चावल अभी भी चिपका के बना सकता हूँ.

आज भनपुरीहून परत येताना बसच्या खिडकीतून तो वास बराच लांबपर्यंत बरोबर आला. मंत्रालयाच्या चौकाशी येऊन सुटला. खोलीवर आल्यावर मी पेटीतून पासपोर्ट काढून बघितला. गेल्या वर्षी केला, दहावीचा कागद होता म्हणून झाला. पानं सगळी कोरी आहेत. साकोलीला आईशी बोलले. या वर्षी चिन्नोर चांगला झाला आहे, म्हणाली, दाणा बारीक, वास घरभर. मी म्हटलं, थोडा वेगळा ठेव. तिनं विचारलं, कोणासाठी वं?

लान दीदी, हे मराठी तुला वाचता यायचं नाही. तरी तुलाच लिहिते. तुझा डबा माझ्याकडे आहे आणि तो तू मला दिला असं तू समजतेस. मी तसं समजत नाही. एक दिवस मी तुझ्या त्या भातपट्ट्यातल्या गावी येणार आहे. विमान कसं बदलायचं, रांग कुठली, याची मला आत्तापासून धास्ती आहे, तेव्हा आधी एकदा विमानतळावर नुसती जाऊन येईन, फाटकातून तीनदा. मग येईन. डबा घासून, उन्हात वाळवून, त्यात आईच्या बांधीतला चिन्नोर भरून, एकेक दाणा मी स्वतः निवडलेला. तांदूळ नेऊ दिला नाही तर लाडू. तेही अडवले तर तुझ्या दाराशी असेल त्या दुकानातून चिमूटभर साखर घेईन आणि मगच दार वाजवीन. तुझा डबा मी तुला रिकामा देणार नाही.